सेवा आणि वेठ

सेवा आणि वेठ या दोहोंत श्रम सारखेच असतात. भेद असतो तो श्रम करणाऱ्याच्या होकाराचा. सेवा माणूस आपण होऊन करतो, वेठीला तो धरला जातो. मराठवाड्यातील जनतेला हा भेद शब्दकोशात पाहून समजून घ्यावा लागत नाही. निजामी अमलात गावोगाव चालणाऱ्या वेठबिगारीच्या हकिकती येथील वृद्धांनी आपल्या नातवंडांना सांगितल्या आहेत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो अंमल संपला आणि पुढे भारतीय राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदाने वेठबिगार व सक्तीचे श्रम यांवर बंदी घातली. १९८२ साली, आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याही पुढे जाऊन सांगितले की, सक्ती केवळ दंडुक्याची नसते; गरजेपोटी दुसरा मार्ग उरला नाही म्हणून माणसाला जे काम पत्करावे लागते, तेही सक्तीचे असू शकते.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, आपल्या रुग्णालयांत ‘डबल ड्यूटी’ या साध्या नावाखाली एक नवी वेठ रूढ झाली आहे, आणि आपण सारे तिला सेवा समजून तिच्या गळ्यात हार घालीत आहोत. परिचारिकेची पाळी संपल्यावर तिला दुसऱ्या पाळीसाठी थांबवून ठेवणे, तिची साप्ताहिक सुटी ऐनवेळी रद्द करणे आणि या जादा तासांची धड नोंदही न करणे, या रीतीविषयी आम्हांस लिहावयाचे आहे. धर्मग्रामांतील कुटुंबांपुढे हा विषय मांडण्याचे कारणही उघड आहे. ज्या काळी घरंदाज म्हणविणारी कुटुंबे आपल्या मुलींना या कामासाठी पाठविण्यास कचरत होती, त्या काळी ख्रिस्ती मुलींनी हा व्यवसाय पत्करला. आजही आपल्यापैकी अनेकांच्या घरी कोणी मुलगी, सून, मावशी वा आत्या पांढऱ्या गणवेशात आयुष्य काढीत आहे. नांदेड आणि लातूरच्या बाजूस विखुरलेल्या आपल्या लहान लहान धर्मग्रामांना तर हे सांगावयासही नको.

ही सक्ती होते कशी, ते आधी पाहू; कारण बाहेरच्या माणसाला ती दिसत नाही. कोणी लेखी हुकूम काढीत नाही. दुपारपाळी संपण्याची वेळ होते आणि रात्रपाळीची सिस्टर येत नाही. ती आजारी असते, किंवा बाळंतपणाच्या रजेवर असून तिच्या जागी कोणी दिलेले नसते, किंवा ती जागाच कित्येक महिने रिकामी असून ड्यूटी लिस्टवर नुसती ओढाताण करून पाळी भरलेली असते. वॉर्डाचा चार्ज दुसऱ्या सिस्टरच्या हाती दिल्यावाचून पहिलीला पाय काढता येत नाही. ती निघून गेली तर कर्तव्यात कसूर झाली असे होते, आणि मागे कोणा रुग्णाचे बरेवाईट झाले तर जन्माची टोचणी लागते. मग कार्यालयातून निरोप येतो, “आजच्या दिवस सांभाळून घ्या, सिस्टर.” हा आजचा दिवस कधीकधी एकाच आठवड्यात दोनदा उगवतो. बदल्यात ‘नंतर ऑफ घ्या’ असे आश्वासन मिळते. पण तो ऑफ दिला की पाळीला पुन्हा खिंडार पडते, म्हणून तो देणे पुढे ढकलले जाते. जी कंत्राटी आहे, जिचे कंत्राट नव्याने व्हावयाचे आहे, जिने रुग्णालयाला बाँड लिहून दिला आहे, तिला तर नाही म्हणण्याची सोयच नसते. येथे दंडुका कोणी उगारीत नाही. तिला बांधून ठेवणारी दोरी तिच्याच सदसद्विवेकबुद्धीची असते, आणि त्या दोरीचे टोक धरून बसणारा दुसराच कोणी असतो.

येथे कोणी म्हणेल, संकटाच्या वेळी घड्याळ पाहणारी ती परिचारिका कसली? या आक्षेपाला लातूर जिल्ह्यानेच उत्तर देऊन ठेवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीच्या परिसरात धरणी हादरली. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे दगडमातीखाली गेली, हजारो माणसे मरण पावली. जखमींची रीघ रुग्णालयांकडे लागली तेव्हा डॉक्टर-परिचारिकांनी तास मोजले नाहीत, आणि त्यांनी ते मोजावेत असे कोणी समंजस माणूस म्हणणारही नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७७ साली परिचारिकांसाठी जो करार आणि जी शिफारस संमत केली, तिच्यातही हीच समज आहे. नेहमीचा दिवस आठ तासांहून अधिक नसावा, जादा काम धरूनही तो बारा तासांपलीकडे जाऊ नये, दोन पाळ्यांच्या मध्ये पुरेशी सलग विश्रांती असावी, आणि या मर्यादा ओलांडावयाच्या त्या केवळ खास आणीबाणीच्या प्रसंगी व तात्पुरत्या, असे ती शिफारस सांगते. भारताने तो करार आजवर स्वीकारलेला नाही, हे खेदाने नमूद केले पाहिजे.

भूकंप सांगून येत नाही. म्हणूनच त्या रात्रीची डबल ड्यूटी ही खरी सेवा होती. परंतु बाळंतपणाची रजा आठ महिने आधी कळते. निवृत्तीची तारीख तर नोकरीवर रुजू होण्याच्या दिवशीच कळलेली असते. पावसाळ्यात तापाचे रुग्ण वाढतात हे दर वर्षीचे आहे. जे दर वर्षी, दर महिन्याला होणारच आहे, त्याला आणीबाणी म्हणणे ही भाषेची फसवणूक होय. किल्लारीच्या रात्रीची पुण्याई दाखवून रोजच्या तुटवड्याचे समर्थन करणाऱ्यांना आम्ही विचारतो, तुमचा भूकंप गेली कित्येक वर्षे थांबलेलाच कसा नाही?

याच तुटवड्याचे सर्वांत भयानक दर्शन महाराष्ट्राला नांदेडमध्ये घडले. विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांतील १२ नवजात बालके होती. पुढील दिवसांत मृतांची संख्या ३१ वर गेली. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागाची क्षमता २४ असताना तेथे साठांहून अधिक बाळे दाखल होती, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. या रुग्णालयात केवळ नांदेडचे रुग्ण येतात असे नव्हे. हिंगोली, परभणी, यवतमाळकडचे, तेलंगणाच्या सीमेपलीकडचेही येतात, कारण एवढे मोठे दुसरे शासकीय रुग्णालय जवळपास नाही. खासगी दवाखान्यात पैसे संपले, की तेथून हलविलेले अत्यवस्थ रुग्णही येथेच येतात.

त्यानंतर जे घडले तेही आठवावे. ३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील यांनी रुग्णालयाच्या प्रभारी अधिष्ठात्यांना अस्वच्छ शौचालय साफ करावयास लावले, आणि ते चित्र देशभर दाखविले गेले. औषधे होती की नव्हती यावर वाद झाला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, रिक्त पदांचा तपशील मागितला, आणि रुग्णांचा भार वाढला होता असे सांगून शासनाला हात झटकता येणार नाहीत असे बजावले. परंतु चौकातल्या आणि चहाच्या टपरीवरच्या चर्चेत एक साधा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. त्या बाळांपाशी रात्री किती सिस्टर होत्या, आणि त्या किती तासांपासून उभ्या होत्या? २४ खाटांसाठी ठरविलेले मनुष्यबळ एकूण एक हजर असते, तरी साठ बाळांपाशी ते निम्म्याहूनही कमीच ठरले असते. शौचालय कॅमेऱ्याला दिसते. भरली न गेलेली जागा कॅमेऱ्याला दिसत नाही.

येथे थोडा हिशेब मांडणे भाग आहे. एखाद्या वॉर्डात दिवसाच्या प्रत्येक क्षणी एक परिचारिका हजर असावी, एवढीच अपेक्षा धरू. दिवसाच्या तीन पाळ्या म्हणजे आठवड्याच्या एकवीस. प्रत्येकीला एक साप्ताहिक सुटी दिली तर ती सहा पाळ्या करील. म्हणजे साडेतीन परिचारिका लागल्या. त्यावर आजारपण, बाळंतपण, प्रशिक्षण यांसाठी ३० टक्के राखीव मनुष्यबळ ठेवावे, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. म्हणजे संख्या साडेचारच्या वर गेली. एका जागेमागे साडेचार माणसे! परिषदेच्याच प्रमाणानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी आणि अतिदक्षता विभागात एकास एक. आता आपण शेवटचे कोणत्या वॉर्डात आप्ताला भेटावयास गेलो होतो ते आठवावे, आणि तेथे किती खाटांमागे एक सिस्टर धावत होती ते मनाशी मोजावे. हिशेबातील जी माणसे नेमलेली नसतात, त्यांचे काम नाहीसे होत नाही. ते नेमलेल्यांच्या झोपेतून, जेवणातून आणि लेकरांच्या वाट्याच्या वेळातून कापून घेतले जाते.

म्हणूनच आमचा मुख्य आरोप असा आहे. डबल ड्यूटी हा तुटवड्यावरचा इलाज नसून तुटवडा टिकवून धरण्याचे साधन आहे. हजर असलेल्या सिस्टरला फुकट किंवा अर्धवट मोबदल्यात थांबवून ठेवता येते, तोवर रिकामी जागा भरण्याची निकड कोणालाच भासत नाही. पाळी कागदावर भरलेली दिसते, वॉर्ड चालू असतो, वरिष्ठांकडे अहवाल जातो की काम सुरळीत आहे. खासगी रुग्णालयाच्या मालकाला एका पगारात दीड माणूस मिळतो, आणि शासनाला भरतीचा खर्च वाचविता येतो. जादा तासांची नोंद न होणे हा निव्वळ गलथानपणा नव्हे. त्या नोंदीवाचून तुटवड्याचा पुरावाच उरत नाही.

हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. श्रीमती सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखालील उच्चाधिकार समितीने १९८९ साली केंद्र शासनाला सांगितले होते की, परिचारिकांचा आठवडा चाळीस तासांचा असावा आणि त्यापुढील तासांची भरपाई रजेने वा पैशाने करावी. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांना किमान २०,००० रुपये वेतन द्यावे, तसेच कामाचे तास, रजा, निवास, वाहतूक या बाबतींत राज्य शासनाच्या परिचारिकांच्या बरोबरीने वागवावे, असे सुचविले. मे २०२२ मध्ये महाराष्ट्रातील शासकीय परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा त्यांची मोठी तक्रार हीच होती की कायमच्या जागा बाहेरच्या कंत्राटदारांमार्फत भरू नयेत. कारखान्यातील कामगाराला जादा तासाचा दुप्पट दर १९४८ च्या कायद्याने दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगारविषयक नव्या संहितेने तर जादा कामासाठी कामगाराची संमती आवश्यक मानली आहे. सूतगिरणीतील यंत्रापाशी जो न्याय मान्य होतो, तो रुग्णाच्या खाटेपाशी अमान्य का व्हावा?

आणि हा प्रश्न केवळ परिचारिकेच्या सुखाचा नाही. साडेबारा तास वा त्याहून अधिक लांबलेल्या पाळीत परिचारिकेच्या हातून चूक होण्याचा संभव तिप्पट होतो, असे अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. त्याआधी २००२ साली तेथीलच दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासाने दाखविले होते की, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढला की मृत्यूचा संभव सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. न्यू जर्सी, पेनसिल्वेनिया, न्यू यॉर्क या राज्यांनी परिचारिकांवर जादा पाळीची सक्ती करण्यास कायद्याने मनाई केली. खऱ्या आपत्तीचा अपवाद तेवढा ठेवला. त्या देशात पैसा आहे, हे खरे. पण सोळाव्या तासाला डोळ्यांवर येणारी झोप श्रीमंत-गरीब देश पाहून येत नाही. औषधाची मात्रा मोजणारा हात थकला तर त्याची किंमत खाटेवर पडलेला आपला आप्त मोजतो.

‘मग रुग्णांना कोणी पाहावयाचे? ती गेली तर ते मरतील,’ हा आक्षेप सर्वांत बिनतोड समजला जातो. आम्ही तो मान्य करतो, आणि म्हणूनच विचारतो की तो रात्री नऊ वाजता सिस्टरला का ऐकविला जातो? तो सकाळी अकरा वाजता, भरतीची फाइल ज्यांच्या टेबलावर पडून आहे, त्यांना ऐकविला पाहिजे. रुग्ण वाऱ्यावर सोडू नये हे कर्तव्य तिचे एकटीचे नसून संस्थेचे आहे; आणि संस्थेने आपले कर्तव्य तिच्या कर्तव्यबुद्धीवर कायमचे लादून मोकळे व्हावे, हा न्याय नव्हे.

आता आपल्या घरातील गोष्ट. आपल्या ख्रिस्ती समाजात हा अन्याय झाकण्यासाठी एक अधिक पवित्र शब्द वापरला जातो, तो म्हणजे पाचारण. ‘ही नोकरी नव्हे, पाचारण आहे,’ असे सांगितले की पुढे बोलणे खुंटते. धर्मभगिनींनी कुष्ठरोग्यांच्या, अनाथांच्या, मरणोन्मुखांच्या सेवेत आपली आयुष्ये झिजविली, त्यांच्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु धर्मभगिनीने व्रत घेतलेले असते, आणि तिच्या म्हातारपणाची काळजी तिचा संघ वाहतो. त्याच वॉर्डात काम करणाऱ्या प्रापंचिक सिस्टरने असे व्रत घेतलेले नाही. तिने नेमणूकपत्र घेतले आहे. तिच्या घरी शाळेतून परतणारे मूल आहे, अंथरुणाला खिळलेली सासू आहे, घराचे हप्ते आहेत. एकीचे व्रत हे दुसरीचे ड्यूटीपत्रक होऊ शकत नाही. आपल्या ज्या संस्थांत हा घोटाळा होत असेल, त्यांनी तो इतरांच्या आधी निस्तरावा; कारण इतर नफ्यासाठी करतात, आपण तो ख्रिस्ताच्या नावाने करतो.

खुद्द शुभवर्तमानातील दाखला नीट वाचावा. चांगल्या शोमरोन्याची करुणा आपण सारे वाखाणतो. पण जखमी माणसाला ज्याच्या स्वाधीन केले, त्या उतारशाळेच्या रखवालदाराकडे आपले लक्ष जात नाही. शुश्रूषेचे पुढले दिवस त्याने काढले. शोमरोनी त्याला ‘हे पुण्याचे काम आहे, फुकट कर’ असे म्हणाला नाही. त्याने दोन दिनार रोख दिले, आणि याहून अधिक खर्च झाल्यास परत येताना तो भरून देण्याचे वचन दिले. करुणा आणि मोबदला यांत प्रभूने विरोध पाहिला नाही. तो आपण निर्माण केला आहे. पोप तेरावे लिओ यांनी १५ मे १८९१ च्या आपल्या प्रसिद्ध परिपत्रकात हेच तत्त्व मांडले. कामाचे तास माणसाच्या शक्तीपलीकडे जाऊ नयेत, विश्रांती कामाच्या कष्टांच्या मानाने असावी, आणि अधिक वाईटाच्या भीतीने मजुराने कठोर अटी मान्य केल्या तर तो बळजबरीचाच बळी होय, असे त्यांनी लिहिले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जे १९८२ साली म्हटले, त्याच्याशी हे किती जुळते! २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हेच नाव धारण करताना त्या परिपत्रकाची आठवण दिली. आपण त्या नावाच्या घंटा वाजविल्या. त्यातील शिकवण आपल्या दवाखान्यांच्या ड्यूटी लिस्टपर्यंत पोहोचावयाची आहे.

स्वेच्छेने दिलेल्या सेवेला आमचा विरोध आहे, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिकांनी आपली सहकारी अरुणा शानबाग हिला १९७३ पासून २०१५ मधील तिच्या मृत्यूपर्यंत, बेचाळीस वर्षे, जिवापाड जपले. ते प्रेम कोणत्याही आदेशाने निर्माण झाले नसते. ज्यांच्यापाशी असे देण्यासारखे काही आहे, त्यांच्याकडून ते रोज ओरबाडून घेतले तर प्रसंगी देण्यासाठी उरणार काय?

तेव्हा आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. जादा पाळी केवळ संमतीने आणि लेखी नोंदीने घ्यावी. जादा काम धरून बारा तासांपुढे कोणालाही थांबवू नये. जादा तासाचा मोबदला दुप्पट असावा, आणि डबल ड्यूटीनंतरची विश्रांती कोणाच्या मर्जीवर ठेवू नये. प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी फळा लावून त्यावर आज रुग्ण किती, सिस्टर किती आणि मंजूर जागांपैकी रिकाम्या किती, हे रोज लिहावे. नांदेड असो वा लातूर, शासकीय असो, खासगी असो वा मिशनचे असो, नियम एकच असावा. नकार दिला म्हणून कोणाचे कंत्राट खंडित होऊ नये.

आपण कुटुंबांनीही काही करावे. रुग्णालयात सिस्टर लवकर आली नाही म्हणून तिच्यावर आवाज चढविण्यापूर्वी तिच्याकडे किती खाटा आहेत ते विचारावे, आणि तक्रार लिहावयाची तर ती तिच्याविरुद्ध नव्हे, रिकाम्या जागेविरुद्ध लिहावी. धर्मग्राम परिषदांनी आपल्या परिसरातील रुग्णालयांना हे आकडे मागावेत, आणि आपल्या संस्थांना सर्वांत आधी मागावेत. मते मागावयास येणाऱ्यांना रस्त्यांबरोबर याविषयीही विचारावे.

मार्च २०२० मध्ये आपण थाळ्या वाजविल्या; त्याच वर्षी ३ मे रोजी रुग्णालयांवर आकाशातून फुले उधळली गेली. दर वर्षी १२ मे रोजी परिचारिका दिनाला मेणबत्त्या पेटतात, भाषणे होतात आणि गुलाबाचे एकेक फूल वाटले जाते. ते फूल हातात घेऊन सिस्टर पुन्हा वॉर्डात जाते, कारण तिच्या जागी कोणी आलेले नसते. येत्या १२ मे रोजी आपण तिला फूल दिले नाही तरी चालेल. तिच्या पाळीची वेळ संपताच चार्ज घेणारी दुसरी सिस्टर दारात उभी राहावी, एवढेच मागावे, आणि ते मिळेपर्यंत मागत राहावे.